बाण कोणाचा, धनुष्य कोणाचे?
(दहशतवादाच्या खटल्यातील शिक्षेचा विचार)

— द्वितीय वर्ष कला, राज्यशास्त्र

गेल्या वर्षी आमच्या वादविवाद मंडळाने ‘दहशतवादी कृत्याला फाशी हीच योग्य शिक्षा होय’ हा विषय ठेवला होता. मी ठरावाच्या बाजूने बोललो. मुंबईतील १९९३ च्या बाँबस्फोटांचे दाखले दिले, आवाज चढवला, टाळ्या घेतल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीसही मिळवले. सुट्टीत गावी गेल्यावर ते प्रमाणपत्र आजोबांना दाखवले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे अशा कागदाचे त्यांना फार अप्रूप. पण भाषणाचा विषय कळल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आजोबांचा या विषयाशी संबंध आहे. ते मुंबईला मस्जिद बंदर भागात माथाडी कामगार होते. १२ मार्च १९९३ रोजी, शुक्रवारी दुपारी, काथा बाजारात स्फोट झाला तेव्हा ते शेजारच्या गल्लीत पोती उतरवत होते. त्या दिवसापासून त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. जखमींना हातगाडीवर घालून नेल्याची हकीकत ते क्वचित सांगतात, तीही कोणी फार आग्रह केला तर. प्रमाणपत्र माझ्या हाती परत देताना ते एवढेच म्हणाले, “फाशी दिली म्हंतोस, पर ज्यानं समदं घडवून आणलं त्यो घावला का?”

माझ्या साऱ्या भाषणात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. कॉलेजात परतल्यावर राज्यशास्त्राच्या सरांना विचारले. ते म्हणाले, “दुसऱ्याचे ऐकून बोललास, आता मूळ निकाल वाचून बघ.” शब्दकोश शेजारी ठेवून ग्रंथालयातल्या संगणकावर मी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जमेल तेवढा वाचला. तो फार मोठा आहे आणि सगळा समजला असा माझा दावा नाही. जेवढे समजले तेवढे या लेखात मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

शिक्षा ठरते कशी?

आपल्यापैकी पुष्कळांचा असा समज असतो की गुन्हा सिद्ध झाला की शिक्षा आपोआप ठरते. वस्तुतः या दोन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. ‘याने हे केले काय?’ हा पहिला प्रश्न, आणि ‘केले असेल तर याचे काय करावे?’ हा दुसरा. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५ (२) प्रमाणे आरोपी दोषी ठरल्यानंतर शिक्षेच्या प्रश्नावर त्याचे म्हणणे पुन्हा ऐकावे लागत असे. वय, घरची परिस्थिती, पूर्वीची वर्तणूक, पश्चात्ताप या गोष्टींना तेथे जागा मिळते. २०२४ च्या जुलैपासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी ही पायरी कायम आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटली. इंग्रजांच्या अमदानीतील १८९८ च्या संहितेनुसार खुनाच्या खटल्यात फाशी ही जणू नेहमीची शिक्षा होती. फाशी न देता जन्मठेप द्यायची असेल तर न्यायाधीशाला त्याची कारणे लिहावी लागत. १९५५ मध्ये ही अट काढली गेली. १९७३ च्या संहितेने तर चक्र उलटे फिरवले. कलम ३५४ (३) ने असे ठरवले की जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद. फाशी द्यायचीच असेल तर तिची ‘विशेष कारणे’ लिहून दिली पाहिजेत. म्हणजे पूर्वी जीव वाचवण्यासाठी कारण लागे, आता जीव घेण्यासाठी कारण लागते. केवळ अठरा वर्षांत कायद्याने केवढी वाट चालली हे यावरून ध्यानात येईल.

ही विशेष कारणे कोणती? ९ मे १९८० रोजी बच्चनसिंग खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा मताने फाशीची शिक्षा घटनाबाह्य नाही असे ठरवले. न्यायमूर्ती भगवती यांचे मत विरुद्ध होते. मात्र बहुमतानेही फाशीला कुंपण घातले. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच, आणि दुसरी कोणतीही शिक्षा देण्याचा मार्ग निःसंशय बंद झाला असेल तेव्हाच ती द्यावी, असे सांगितले. त्यासाठी केवळ गुन्हा न पाहता गुन्हेगारही पाहिला पाहिजे. तो सुधारण्याची शक्यता मुळीच नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकार पक्षावर आहे.

येथेच दहशतवादाच्या खटल्यात अडचण उभी राहते. गुन्हा पाहायला गेले तर तो इतका भयंकर असतो की त्याच्यापुढे गुन्हेगार दिसेनासाच होतो. बाजारात, स्टेशनात, शेअर बाजारात मेलेल्या माणसांचा मारणाऱ्याशी काहीही तंटा नसतो. अशा प्रसंगी प्रत्येक आरोपी वेगळा काढून तोलायचा कसा? या प्रश्नाची खरी परीक्षा मुंबईच्या खटल्यात झाली.

शंभर दोषी, एक गुन्हा

१२ मार्च १९९३ च्या त्या दुपारी मुंबईत सुमारे दोन तासांत बारा ठिकाणी स्फोट झाले. पहिला दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत झाला. मग काथा बाजार, एअर इंडियाची इमारत, सेनाभवनाजवळचा पेट्रोल पंप, वरळीचे सेंच्युरी बझार, झवेरी बाजार, प्लाझा सिनेमा आणि पश्चिम उपनगरांतील मोठी हॉटेले. २५७ माणसे मेली, ७१३ जखमी झाली. डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली, त्यानंतर डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत भीषण दंगली झाल्या, आणि या पार्श्वभूमीवर हा कट रचला गेला, असा घटनाक्रम आहे. कटाचे सूत्रधार म्हणून दाऊद इब्राहिम आणि टायगर मेमन यांची नावे आली. ते दोघे देशाबाहेर होते.

नोव्हेंबर १९९३ मध्ये १८९ जणांविरुद्ध आरोपपत्र दाखल झाले. खटला टाडा कायद्याखाली, आर्थर रोड तुरुंगाच्या आवारातच उभारलेल्या विशेष न्यायालयात चालला. आधी न्यायमूर्ती जे. एन. पटेल आणि १९९६ पासून न्यायमूर्ती पी. डी. कोदे यांच्यापुढे सुनावणी झाली. सरकार पक्षाने सहाशेहून अधिक साक्षीदार तपासले. निकाल एका दिवसात लागला नाही. सप्टेंबर २००६ पासून जुलै २००७ अखेरपर्यंत तो टप्प्याटप्प्याने सांगितला गेला. १२३ आरोपींपैकी २३ सुटले, शंभर दोषी ठरले. त्यांपैकी १२ जणांना फाशी आणि २० जणांना जन्मठेप झाली, बाकीच्यांना कमीअधिक मुदतीच्या शिक्षा झाल्या.

या आकड्यांवरून मी भाषणात घाईने पुढे गेलो होतो. आता वाटते, थांबायला हवे होते ते येथेच. स्फोटांची मालिका एकच, कट एकच, मृतांची यादी एकच. तरीही कोणी सुटतो, कोणाला काही वर्षे, कोणाला जन्मठेप आणि कोणाला फाशी. याचा अर्थ न्यायालयाने मृतांची संख्या पाहून शिक्षा वाटल्या नाहीत. कोणाचा हात कोठवर पोहोचला होता हे मोजले. तुरुंगातल्या त्या न्यायालयात जे काही वर्षानुवर्षे चालले ते हे मोजण्याचे काम होय.

धनुर्धर आणि बाण

टाडा कायद्याखालील अपील उच्च न्यायालयात न जाता थेट सर्वोच्च न्यायालयात जात असे. न्यायमूर्ती पी. सदाशिवम आणि न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांनी २१ मार्च २०१३ रोजी निकाल दिला. फाशी झालेल्या बारांपैकी एक जण तोवर मरण पावला होता. उरलेल्या अकरांपैकी दहा जणांची फाशी रद्द करून त्यांना जन्मठेप देण्यात आली. फाशी कायम राहिली ती एकाची, याकूब मेमन याची.

हे दहा जण कोण होते? कोणी स्फोटकांनी भरलेले वाहन नेऊन उभे केले, कोणी हॉटेलच्या खोलीत सूटकेस ठेवली, कोणी माहीमच्या मच्छीमार वसाहतीत हातबाँब फेकले. म्हणजे ज्यांच्या हातून प्रत्यक्ष माणसे मेली ते हेच. उलट याकूब हा टायगर मेमनचा धाकटा भाऊ, पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. त्याने बाँब ठेवला असे सरकार पक्षाचेही म्हणणे नव्हते. पैशांची व्यवस्था पाहणे, शस्त्रशिक्षणासाठी पाठवायच्या तरुणांच्या विमानतिकिटांची सोय करणे, वाहने आणि सामान हलवण्यात भाग घेणे, असा त्याच्यावर ठपका होता.

आपल्याला सहज वाटेल की ज्याने बाँब ठेवला तो मोठा गुन्हेगार आणि ज्याने तिकिटे काढली तो धाकटा. न्यायालयाने उलट विचार केला. याकूब आणि फरारी सूत्रधार हे धनुर्धर होते, आणि बाकीचे त्यांच्या हातातील बाण होते, असे त्यांनी म्हटले. बाण सोडणारा दिसत नाही, लागतो तो बाणच दिसतो. पण पाप कोणाचे, हे ठरवताना न्यायालयाने बाणापाशी न थांबता धनुष्याकडे पाहिले. हा विचार मला पटतो. गावाकडेही आपण म्हणतो, काठी मारणाऱ्यापेक्षा काठी हाती देणारा वाईट.

पण त्या दहा जणांची फाशी रद्द करताना दिलेले आणखी एक कारण वाचून मी बराच वेळ अस्वस्थ झालो. हे लोक समाजाच्या खालच्या थरातील होते, त्यांना कायमचा रोजगार नव्हता, म्हणून ते सूत्रधारांच्या डावाला बळी पडले, असे न्यायालयाने नोंदवले. शिवाय तोवर त्यांची सुमारे वीस वर्षे तुरुंगात गेली होती.

प्रथम मला याचा राग आला. माझे आजोबाही खालच्याच थरातले. गावकीच्या खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत. खानावळीचे पैसे वेळेवर देता येत नसत. त्यांनी पाठीवर पोती वाहिली, बाँब वाहिला नाही. गरिबी हे जर गुन्ह्याचे कारण असेल, तर प्रामाणिक गरिबाचा हा अपमान नाही काय?

नंतर शांतपणे विचार केल्यावर वाटले की माझी गफलत होत होती. न्यायालयाने त्यांना निर्दोष म्हटले नाही. दोष कायम ठेवला आणि जन्मठेपही दिली. फक्त एवढेच म्हटले, की दुसऱ्याने हेरून, पैसे दाखवून, रागाला खतपाणी घालून ज्याला वापरले, त्याच्यासाठी दुसऱ्या शिक्षेचा मार्ग अगदीच बंद झालेला नाही. काथा बाजारात पोते वाहणारा आणि तेथे मरण वाहून आणणारा, दोघेही परिस्थितीने गरीब असतील. पहिल्याने मोह टाळला हा त्याचा मोठेपणा. पण मोह दाखवणारा त्यामुळे लहान होत नाही. शिक्षेच्या तराजूत त्याचे पारडे जड असलेच पाहिजे.

बाणालाही फाशी

मग हा नियम सर्वत्र पाळला जातो काय? तसे दिसत नाही. सात महिन्यांपूर्वीच, २९ ऑगस्ट २०१२ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने अजमल कसाबची फाशी कायम केली होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. आमच्या सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे सुपुत्र तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर छातीवर गोळ्या झेलून कसाबला जिवंत पकडून दिले, हे येथे अभिमानाने सांगितले पाहिजे. त्यांनी त्याला जिवंत पकडले म्हणूनच हा खटला उभा राहू शकला.

कसाब हा बाणच होता. वय एकवीसच्या आसपास, शिक्षण थोडे, घरची गरिबी. त्याला हुकूम देणारे धनुर्धर पाकिस्तानात बसून फोनवर बोलत होते. त्याचे वकील राजू रामचंद्रन यांनी त्याचे कोवळे वय आणि त्याच्या मनावर झालेले संस्कार न्यायालयापुढे मांडले. न्यायालयाने ते मानले नाही. त्याने स्वतःच्या हातांनी निरपराध माणसांवर गोळ्या झाडल्या आणि त्याला कधीही पश्चात्ताप झाला नाही, याला न्यायालयाने अधिक महत्त्व दिले. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याला येरवड्याला फाशी झाली.

एकीकडे बाणाला फाशी, दुसरीकडे बाणाला जन्मठेप; हा विरोध मला पूर्णपणे उलगडलेला नाही. पण दोन्ही खटल्यांतील पुराव्याकडे पाहिले तर एक फरक नजरेत भरतो. कसाबचे स्टेशनातील छायाचित्र होते, कॅमेऱ्यांत टिपलेली दृश्ये होती, डोळ्यांनी पाहणारे साक्षीदार होते, आणि तो घटनास्थळीच हाती लागला होता. खटला चालवणारे न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांनी त्याला दोषी ठरवले. परंतु त्याच निकालात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद या दोन भारतीय आरोपींना त्यांनी सोडून दिले. मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात नकाशा सापडला असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. पण कपडे रक्ताने भिजलेले असताना नकाशा मात्र स्वच्छ कसा, ही शंका न्यायालयाला आली. सारा देश संतापलेला असताना कागदावरच्या रक्ताच्या डागाचा विचार करणारे न्यायालय आपल्या देशात आहे, याचे मला फार अप्रूप वाटले. उच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयानेही ही सुटका कायम ठेवली.

पोर्तुगालची अट

शिक्षा केवळ गुन्ह्यावर ठरत नाही याचे आणखी एक उदाहरण १९९३ च्याच कटात आहे. अबू सालेम पोर्तुगालमध्ये पकडला गेला. पोर्तुगालच्या कायद्यात फाशी नाही, आणि फाशी होणार असेल तर ते आरोपी परत देत नाहीत. म्हणून भारत सरकारने डिसेंबर २००२ मध्ये लेखी हमी दिली की त्याला फाशी होणार नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा अधिक काळ तुरुंगात ठेवले जाणार नाही. २००५ मध्ये त्याला भारतात आणले. सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी त्याच कटातील दुसऱ्या दोघांना फाशी सुनावली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या हमीचे पालन करावे लागेल असे सांगितले.

सरकारने हमी दिली नसती तर तो आलाच नसता. तेव्हा सरकारचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण ‘या गुन्ह्याला फाशीशिवाय दुसरी शिक्षाच नाही’ असे जे आम्ही व्यासपीठावरून ठासून सांगतो, ते खरे नव्हे, हे यावरून सिद्ध होते. दुसरी शिक्षा आहे, आणि राज्यानेच ती पत्करली आहे.

पुरावा कोणत्या मातीचा?

आता सर्वांत कठीण भागाकडे येतो. धनुर्धर कोण आणि बाण कोण, हे कशावरून ठरते? बाण डोळ्यांना दिसतो. धनुष्य कटाच्या अंधारात असते. तेथे पोहोचायला साक्षीदार नसतात. मग कबुलीजबाब हाच आधार उरतो.

आपल्या पुराव्याच्या कायद्यात पूर्वीपासून असा दंडक आहे की पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. कारण उघड आहे. चौकीत माणूस काय परिस्थितीत बोलतो हे सर्वांना ठाऊक आहे. टाडा कायद्याच्या कलम १५ ने हा दंडक बाजूला ठेवला आणि पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली ग्राह्य धरली. १९९४ मध्ये कर्तारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हे कलम वैध ठरवले. टाडा १९९५ मध्ये संपुष्टात आला, पण चालू खटल्यांना तो लागू राहिला. याकूबची स्वतःची कबुली नव्हती. त्याच्याविरुद्ध सहआरोपींच्या कबुल्या, माफीच्या साक्षीदाराची साक्ष आणि काही कागदोपत्री पुरावा होता. पुष्कळ आरोपींनी आपल्या कबुल्या पुढे नाकारल्या. तरी न्यायालयाने त्या विश्वासार्ह मानल्या.

मी विद्यार्थी आहे. न्यायालयाने मानलेला पुरावा चूक होता असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण याच मुंबईतील दुसऱ्या एका खटल्याचे काय झाले ते पाहणे आवश्यक आहे. ११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी लोकल गाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी मरण पावले. मोक्का कायद्यातही पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. जवळजवळ दहा वर्षांनी, २१ जुलै २०२५ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना दोषमुक्त केले. कबुलीजबाब, ओळखपरेड, जप्ती यांपैकी कशावरही न्यायालयाला विसंबता आले नाही. फाशी झालेल्यांपैकी एक जण २०२१ मध्ये तुरुंगातच मरण पावला होता. त्याला हा निकाल ऐकायला मिळाला नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही.

गुजरातमधील अक्षरधाम मंदिरावरील २००२ च्या हल्ल्याच्या खटल्यातही असेच घडले. पोटा न्यायालयाने तिघांना फाशी दिली होती, आणि १६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही आरोपींना निर्दोष सोडले.

या दोन्ही खटल्यांत फाशीची अंमलबजावणी घाईने झाली असती तर? आणि ज्यांचे लोक त्या गाड्यांत, त्या मंदिरात मेले, त्यांनी आता कोणाकडे पाहायचे? चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की खरा माणूस सुटतो. म्हणजे एका चुकीने दोनदा अन्याय होतो, आरोपीवर आणि मृताच्या घरावरही. हे मी माझ्या भाषणात एकदाही बोललो नव्हतो.

शेवटची रात्र

याकूबचा फेरविचार अर्ज, दयेचा अर्ज आणि उपचारात्मक अर्ज फेटाळले गेले. २८ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. एकाने फाशी थांबवावी म्हटले, दुसऱ्याने नको म्हटले. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २९ तारखेला अर्ज फेटाळला. त्या मध्यरात्रीनंतर न्यायालय पुन्हा उघडले आणि पहाटेपर्यंत सुनावणी झाली. निकाल बदलला नाही. ३० जुलैच्या सकाळी नागपूरच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आली. तो त्याचा त्रेपन्नावा वाढदिवस होता.

तो कसा हाती लागला याविषयी वाद आहे. दिल्ली स्टेशनवर त्याला पकडले असे तपास यंत्रणेचे म्हणणे, तर आपण नेपाळमधून स्वतःहून आलो असे त्याचे म्हणणे. बी. रामन या निवृत्त गुप्तचर अधिकाऱ्याने २००७ मध्ये लिहिलेला आणि त्यांच्या मृत्यूनंतर, फाशीच्या आठवडाभर आधी प्रसिद्ध झालेला लेख याबाबत बोलका आहे. याकूबने तपासाला सहकार्य केले, आपल्या कुटुंबीयांना परत आणण्यास मदत केली, म्हणून त्याला फाशी होऊ नये, असे त्यांनी लिहिले होते. रामन हे त्या तपासाशी संबंधित अधिकारी होते, आरोपीचे वकील नव्हते. तुरुंगात याकूबने इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेतले. या गोष्टी गुन्हा पुसून टाकीत नाहीत. पण शिक्षेच्या दुसऱ्या पायरीवर त्यांचे वजन किती, हा प्रश्न उरतो. २०२२ मध्ये मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फाशीचा विचार करताना कैद्याची मानसिक तपासणी, तुरुंगातील वर्तणूक, त्याचे पूर्वायुष्य यांचे अहवाल सुरुवातीलाच मागवले पाहिजेत. हा नियम थोडा आधी आला असता तर, असे वाटून जाते.

दुसरी बाजू

फाशीच्या बाजूचे म्हणणे मी सोडून देत नाही; ते मीच एकदा मांडले होते. देशाविरुद्ध युद्ध पुकारणाऱ्याला नेहमीच्या खुन्याचे माप लावू नये, हा मुद्दा वजनदार आहे. डिसेंबर १९९९ मध्ये विमान पळवून कंदाहारला नेले गेले तेव्हा प्रवाशांच्या बदल्यात तीन अतिरेकी कैदी सोडावे लागले. जिवंत कैदी हा सौद्याचे साधन होतो, हेही खरे. न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये, म्हणजे नागपूरच्या फाशीनंतर महिनाभरातच, फाशी रद्द करण्याची शिफारस केली, पण दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे त्यातून वगळले. नव्या न्याय संहितेतही दहशतवादी कृत्याने मृत्यू घडल्यास फाशी किंवा जन्मठेप आहे. मात्र त्यातला ‘किंवा’ हा शब्द विसरू नये. न्यायाधीशाचे सारे काम त्या ‘किंवा’मध्ये आहे.

जरब बसते या म्हणण्याबद्दल मात्र मला शंका आहे. जो मरायचेच ठरवून येतो त्याला मरणाची जरब कशी बसणार? आणि जो धनुर्धर परदेशात सुखरूप आहे, त्याला आपल्या बाणाच्या फाशीने काय होते? तो दुसरा बाण भात्यातून काढतो.

समारोप

तेव्हा आज पुन्हा तोच विषय आला तर मी काय म्हणेन? शिक्षा कठोर असावी, जन्मभराची असावी, सूत्रधाराला अधिक कठोर असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा आक्षेप ठरावातील एका अक्षरावर आहे. ‘फाशी हीच योग्य शिक्षा’ यातला ‘च’ मी काढून टाकीन. तो ‘च’ आपल्याला विचारातून मोकळे करतो. शंभर आरोपींना वेगवेगळे तोलण्याचे जे कष्ट न्यायालयाने चौदा वर्षे घेतले, ते सगळे तो एका अक्षरात पुसून टाकतो. आणि जेथे पुरावा पोलिसापुढील कबुलीवर उभा आहे, तेथे परत घेता न येणारी शिक्षा देऊ नये, एवढे तरी मला आता निश्चित वाटते. दोषी माणूस जन्मभर तुरुंगात राहिला तर न्यायाचे काही बिघडत नाही. निर्दोष माणूस फासावर गेला तर उच्च न्यायालय कोणाला सोडणार?

दिवाळीला गावी गेलो तेव्हा आजोबांना हे सगळे डाव्या बाजूला बसून सांगितले. दहा जणांची फाशी का रद्द झाली तेही सांगितले. मला वाटले, ते रागावतील. ते म्हणाले, “आमच्या टोळीतबी मुकादम सांगंल तिकडं जाणारी पोरं हुती.” मग त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि या खेपेस मी खरे उत्तर दिले. दाऊद इब्राहिम आणि टायगर मेमन आजवर भारतातील कोणत्याही न्यायालयापुढे उभे राहिलेले नाहीत.

“मंग अजून खटला संपला न्हाई म्हन की,” असे म्हणून ते उठले आणि जनावरांना वैरण टाकायला गेले.